ऑर्गनवादकाची मर्यादा

अमेरिकेतील आद्य प्युरिटन मंडळींस उपासनेत वाद्याविना गाइलेली स्तोत्रेच शास्त्रशुद्ध वाटत. बोस्टनच्या टॉमस ब्रॅटल याने १७१३ साली मृत्युपत्राद्वारे आपला ऑर्गन ब्रॅटल स्ट्रीट चर्चला देऊ केला. तो कुशलतेने वाजवील असा सदाचारी वादक नेमावा, अशी अट घातली. चर्चने देणगी नाकारली. मग अँग्लिकन पंथाच्या किंग्ज चॅपेलने ती स्वीकारली व इंग्लंडहून एडवर्ड एन्स्टोन यास वादक म्हणून आणविले.

वाद्य आले, पण प्रश्न मिटला नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ साली सही करणारा फ्रान्सिस हॉपकिन्सन फिलाडेल्फियाच्या ख्राइस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. धर्मगुरू विल्यम व्हाइट यांस लिहिलेल्या पत्रात त्याने या कामाची मर्यादा सांगितली: उपासक वादकाचे कसब ऐकावयास आलेले नसतात, वादन प्रसंगास साजेसे गंभीर असावे.

आम्हांस वाटते, वाद्य नाकारणारे आणि ते वाजविणारा यांच्या मनातील भय एकच होते. सूर शब्दावर मात करील हे. एकांनी वाद्यच दूर ठेवले, दुसऱ्याने हात आवरला. यांतील दुसरी वाट अधिक कठीण, आणि म्हणूनच अधिक आदरणीय होय.