पार्ल्याचे बिस्किट हिवरखेडला कसे पोचले?

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडसारख्या गावात चहाच्या टपरीवर पाव आणि पार्ले-जीचे पुडे शेजारी शेजारी दिसतात. शिळा पाव कडक होतो. उघडे राहिलेले बिस्किट मात्र मऊ पडते. असे उलट का? एका घराण्याच्या कारखान्याची वाढ समजून घेताना हा प्रश्न आम्हाला फार उपयोगी पडला.

रेशमाच्या व्यापारातले मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात हा कारखाना काढला. दिवस स्वदेशीचे होते. कामाला जेमतेम डझनभर माणसे, आणि माल म्हणजे लिमलेटसारख्या गोळ्या. बिस्किटे आली ती दहा वर्षांनी, १९३९ मध्ये. कलकत्त्याला ब्रिटानिया १८९२ पासून होती. तरी बिस्किट हा सामान्यांच्या चहासोबतचा पदार्थ झाला नव्हता.

आता पाण्याचा हिशेब पाहू. पावात पस्तीस-चाळीस टक्के पाणी असते, म्हणून बुरशीला तो आवडतो आणि बेकरीचा व्यवहार गावापुरताच राहतो. बिस्किटात पाणी उरते दोन ते पाच टक्के. लांबलचक भट्टीतून सरकत्या पट्ट्यावर बिस्किटे काही मिनिटांत बाहेर पडतात, तेवढ्यात पाणी उडून जाते. अमोनियम बायकार्बोनेट घातले असेल तर त्याचेही वायू होतात आणि पीठ फुगते. मोनॅकोसारख्या खाऱ्या बिस्किटाला भोके असतात ती वाफ निघून जावी म्हणून. नाहीतर प्रत्येकाची पुरी झाली असती! इतका कोरडा पदार्थ हवेतली वाफ लगेच ओढतो. म्हणजे भट्टीइतकेच महत्त्व पुड्याच्या कागदाला. तो नीट बंद राहिला, तर माल रेल्वेने अकोल्याला आणि तिथून पुढे खेड्यात खुशाल जावा.

‘पार्ले ग्लुको’चे ‘पार्ले-जी’ झाले ते १९८० च्या दशकात, कारण ग्लुकोज बिस्किटे आता इतरही करू लागले होते. त्यानंतरची युक्ती गणिताच्या शिक्षकांनी जरूर वापरावी: कित्येक वर्षे छोट्या पुड्याची किंमत जवळपास तीच राहिली, वजन मात्र उतरत गेले. विलेपार्ल्याचा मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. लोकलमध्ये येणारा तो गोड वासही गेला.

वर्गात करण्यासारखा प्रयोग: पावसाळ्यात दहा बिस्किटे तराजूत तोलून ताटलीत उघडी ठेवा, दहा घट्ट झाकणाच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. हाच प्रयोग वऱ्हाडातल्या मे महिन्यात केला, तर आकडे वेगळे येतील.