पेत्रा : खडकातली राजधानी

पौलाला पाटीत बसून दिमिष्काच्या तटावरून निसटावे लागले (2 करिंथ 11:32-33). त्याच्यावर पहारा बसवला होता अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने. या राजाची राजधानी म्हणजे पेत्रा.

आजच्या जॉर्डनमध्ये, मृत समुद्राच्या दक्षिणेकडील डोंगरांत हे नबाती लोकांचे शहर आहे. आत शिरायला सुमारे 1.2 किलोमीटर लांबीची अरुंद खिंड. दक्षिण अरबस्तानातून ऊद आणि गंधरस लादून आलेले उंटांचे तांडे इथून गाझा आणि दिमिष्काकडे जात. पाऊस अगदी थोडा. म्हणून नबात्यांनी खडकात पाट आणि टाकी खोदून पाणी साठवले. पाणी होते म्हणून तांडे थांबत, आणि तांडे थांबत म्हणून शहर श्रीमंत झाले.

इ.स. 106 मध्ये हे राज्य रोमने घेतले. 363 च्या भूकंपात शहराचा बराच भाग कोसळला. आणि 446 साली तिथल्याच खडकातल्या एका भव्य थडग्याचे चर्च झाले.

प्रियांनो, ज्याला पकडायला या राज्याचा पहारा बसला, त्याच्याच प्रभूची उपासना या राजधानीत होऊ लागली. आपल्याभोवतीचा पहारा कितीही कडक असो, देवाला एक पाटी पुरते.