सावरकर लवाद

फ्रान्स व ब्रिटन यांच्यातील आंतरराष्ट्रीय वाद. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल. परक्या भूमीवर नियमबाह्य रीतीने ताब्यात घेतलेला आरोपी परत करावा लागतो काय, हा त्यातील मुख्य प्रश्न.

लंडनमध्ये मार्च १९१० मध्ये अटक झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना १८८१ च्या फरारी गुन्हेगारांविषयीच्या ब्रिटिश कायद्याखाली खटल्यासाठी मुंबईला नेले जात होते. ८ जुलैच्या सकाळी मार्सेलिस बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून उडी घेतली आणि धक्का गाठला. तेथे फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले व मागोमाग आलेल्या हिंदी पोलिसांच्या मदतीने पुन्हा बोटीवर नेले. मराठी घरांत उडीची कथा सर्वांना ठाऊक असते. कायद्याचा सारा वाद मात्र धक्क्यावरच्या त्या काही मिनिटांचा आहे. फ्रेंच भूमीवर आलेला माणूस प्रत्यार्पणाची रीतसर कार्यवाही न होताच ब्रिटिशांच्या हाती गेला होता. कार्ल मार्क्सचे नातू झां लोंगे यांनी फ्रेंच वृत्तपत्रांतून यावर आवाज उठवला. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले आणि २५ ऑक्टोबर १९१० च्या कराराने वाद लवादाकडे गेला.

बेल्जियमचे माजी पंतप्रधान ओग्यूस्त बेर्नार्ट अध्यक्ष असलेल्या पाच जणांच्या मंडळात दोन्ही वादी देशांचा एकेक सदस्य होता. मार्सेलिसच्या पोलिसांना कैद्याची आगाऊ सूचना होती, फ्रेंच पोलिसाने आपणहून त्याला सोपवले, ब्रिटिशांनी बळ वा कपट वापरले नाही, असे मंडळाला दिसले. सुपूर्दगीत अनियमितता झाली हे त्याने मान्य केले. पण परदेशी पोलिसाच्या चुकीमुळे कैदी परत देण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निर्णय दिला.

निकालाचा दुबळेपणा इथेच आहे. चूक फ्रेंच पोलिसाची, तिची किंमत भरली कैद्याने. आणि तो या वादात पक्षकारच नव्हता. राजकीय आश्रयाच्या त्याच्या दाव्याला त्यामुळे स्वतंत्र स्थान मिळाले नाही. मुंबईचे विशेष न्यायासन हेगसाठी थांबलेही नाही. डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये त्याने दोन जन्मठेपा सुनावल्या.

प्रत्यार्पण डावलून आणलेल्या आरोपीवरील खटला न्यायालय थांबवू शकते, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बेनेट खटल्यात मान्य केले, ते १९९३ मध्ये.