हसणारा कुठे उभा आहे?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे नोकरी केली. एका अमावास्येला आमच्या फिटरने नवे यंत्र सुरू करायला नकार दिला. मी चारचौघांत त्याची टिंगल केली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या नव्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते मी पाहिलंय." सगळे हसले. यंत्र काही सुरू झाले नाही; मला मात्र श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आठवले.

धर्माच्या नावाने चालणाऱ्या खुळांवर हसण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सरळ. अमेरिकेत सिंक्लेअर लुइस यांनी १९२७ मध्ये 'एल्मर गॅन्ट्री' ही कादंबरी लिहिली. पैसा, बाई आणि टाळ्या यांना हपापलेला धर्मोपदेशक तिचा नायक. बॉस्टनमध्ये तिच्यावर बंदी आली. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया' या नाटकात भोंदूबाबाची रेवडी उडवली. अशा वेळी आपण सुखात हसतो, कारण लबाड दुसराच कुणीतरी असतो.

दुसरी तऱ्हा अवघड. मार्क ट्वेन यांचा हकलबरी फिन जिम या पळालेल्या गुलामाला साथ देतो. पण हे पाप आहे, आपण नरकात जाणार, अशी त्याची खात्री असते. गुलामगिरीला पाठीशी घालणारी धर्माची शिकवण ट्वेन त्या पोराच्या भाबड्या तोंडूनच उघडी पाडतात. हे ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत येऊन गेले होते.

आपल्याकडे आगरकरांनी रूढींवर तर्काचे घाव घातले. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. कोल्हटकर सुधारकी मताचेच. पण १९०२ पासून त्यांनी विनोदी लेख लिहायला घेतले आणि सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या अशी रूढींची कैवारी मंडळी उभी केली. ही मंडळी शिमग्यापासून श्रावणीपर्यंत सगळ्याचे इतके जोरदार समर्थन करतात, की रूढीचा डोलारा आपोआप कोसळतो. शिवाय हे सारे सांगणारा सुदामा त्यांच्यातलाच एक. 'सुदाम्याचे पोहे' १९१० मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा वाचक हसले, ते स्वतःच्याच घरातल्या माणसांना.

मी फिटरला हसलो तो उंचावरून. सुदामा हसवतो तो पंगतीत बसून.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चहाला बोलावले. आधी माझ्या लिंबाबद्दल बोललो. अमावास्येचा विषय मग त्यानेच काढला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)