शाळा बंद होती तेव्हा शाळा काय करत होती

राज्य शिक्षण मंडळाने 16 जुलै 2021 रोजी दहावीचा निकाल जाहीर केला. तो 99.95 टक्के लागला, आणि लेखी परीक्षा झालेलीच नव्हती. नववीच्या गुणांवरून 50, दहावीच्या अंतर्गत लेखी कामावरून 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकावरून 20 अशा हिशेबाने शाळांनी गुण भरून पाठवले. आधीच्या वर्षी 23 मार्चला होणारा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हाही सरासरीचे गुण घालून तो कोरा रकाना भरून काढला होता. कोरोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळांचे काय झाले हे उद्या कोणी सरकारी दप्तरावरून लिहायला बसला, तर सर्वांत नीटनेटका कागद त्याला हाच सापडेल, आणि तोच त्याची सर्वांत जास्त दिशाभूल करील. कारण त्या कागदामागे एक गृहीत आहे: शाळा म्हणजे अभ्यासक्रम पोचवून गुण देणारी यंत्रणा, आणि ती वर्गातून मोबाइलवर हलवली की काम भागले. माझे म्हणणे असे की साथीच्या काळातला शाळेचा इतिहास वर्गाबाहेर घडतो. जिथे शाळा गावाची किंवा वस्तीची संस्था असते तिथे ती दारे बंद करूनही काही ना काही करत राहते, आणि जिथे ती नुसती धडे पोचवणारी नळी असते तिथे नळी तुंबताच काही उरत नाही. हे कोरोनाने शिकवले असे म्हणण्याची गरज नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगातही ते दिसत होते.

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर 1896 मध्ये गाठीचा ताप ओळखला गेला आणि काही महिन्यांत तो पुण्यात आला. पुढची जवळपास पंचवीस वर्षे दख्खनच्या शहरांचा एक क्रमच ठरून गेला. उंदीर पडला की घर सोडायचे, गावाबाहेर माळावर झोपड्या घालायच्या, साथ ओसरली की परत यायचे. शाळा या क्रमातून सुटणे शक्य नव्हते. रँडच्या प्लेग कमिटीने 1897 मध्ये घरे तपासायला गोरे सोजीर घातले, त्यातून 22 जूनला त्याच्यावर प्राणघातक गोळी झाडली गेली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. शाळांच्या बाजूने त्या काळाकडे पाहिले तर वेगळीच माणसे दिसतात. भिडेवाड्यात 1848 मध्ये मुलींना शिकवायला उभी राहिलेली शिक्षिका, सावित्रीबाई फुले, 10 मार्च 1897 रोजी गेली, ती हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना लागलेल्या प्लेगाने. फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी काढलेला अनाथ बालिकाश्रम 1900 मध्ये पुणे सोडून हिंगण्याला गेला. प्लेग हे त्यामागचे तातडीचे कारण होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली आणि कर्वे दिवसभराचे तास आटोपून तिथवर पायी जाऊ लागले. साथ टळल्यावर आश्रम शहरात परतला नाही, तिथेच वाढला. आज त्या जागेला कर्वेनगर म्हणतात. नाशकात त्याच सुमारास सावरकरांच्या मित्रमेळ्याची शाळकरी पोरे प्लेगाने मेलेल्यांना खांदा देत होती, कारण नातलगही प्रेताला हात लावायला धजत नव्हते. सावरकरांच्या घरात तर प्लेगाने वडीलच नेले होते. साने गुरुजींचे औंधातले शिक्षण प्लेगने तुटले आणि ते पुण्याला आले. या साऱ्या घटनांत कुठेही धडा नाही, तास नाही, इयत्ता नाही. तरी त्या शाळेच्याच इतिहासात मोडतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. त्या काळी शाळेत जाणारी मुले मूठभर होती. त्यांत ब्राह्मण आणि वरच्या जातींचे मुलगे बहुसंख्य, मुली नाममात्र, अस्पृश्यांची मुले तर बहुतेक शाळांच्या ओसरीवरही नसत. अशा शाळेला ‘गावाची संस्था’ म्हणणे म्हणजे तिला न शोभणारा मान देणे नव्हे काय? आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या म्हणण्याला उपयोगीही आहे. प्लेगच्या काळात जी नावे उरली ती शाळेच्या चौकटीला धरून बसलेल्यांची नाहीत. सावित्रीबाई आणि कर्वे दोघांनीही शाळेबाहेर ठेवलेल्यांसाठी शाळा काढली होती, म्हणून साथ आली तेव्हा भिंतींबाहेर काम करणे त्यांना नवीन नव्हते. ज्या शाळा नुसत्या परीक्षेसाठी होत्या त्या मुकाट बंद झाल्या, मुकाट उघडल्या, आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही मागे राहिले नाही. खेड्यांनी ‘मानमोडी’ म्हणून लक्षात ठेवलेल्या 1918 च्या इन्फ्लुएंझातही असेच झाले असावे. ती साथ इतकी झपाट्याने आली आणि शरद ऋतूतल्या काही आठवड्यांत इतकी माणसे घेऊन गेली की शाळांना काही ठरवायला सवडच मिळाली नाही.

शाळेला निखळ नळी करून पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र आपल्याकडचा नाही. शिकागोत 1937 च्या सप्टेंबरमध्ये पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणे लांबले. अधीक्षक विल्यम जॉन्सन यांच्या खात्याने सहा रेडिओ केंद्रांकडून वेळ मागून घेतली, तिसरी ते आठवीच्या सुमारे 3,15,000 मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ लावले आणि त्यांचे वेळापत्रक व गृहपाठ रोजच्या वर्तमानपत्रांत छापून आणले. शंकांसाठी कचेरीत फोनवर शिक्षक बसवले, तर पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले. बेत चोख होता, वर्तमानपत्रांनी कौतुकही भरपूर केले. पण ज्या घरात रेडिओ नव्हता किंवा केंद्र नीट लागत नव्हते तिथली मुले सुटली. जे ऐकत होते त्यांनाही पाठ धावता वाटे, आणि मागे पडलेल्याला हाक मारून थांबवणारे कोणी नव्हते. काही आठवड्यांत शाळा उघडल्या आणि प्रयोग गुंडाळला गेला. 2020 मध्ये महाराष्ट्रात जे झाले त्याचा आराखडा इथे जवळजवळ तंतोतंत आहे. फरक एवढाच की शिकागोत तो आठवड्यांपुरता होता आणि आपल्याकडे दीड-दोन वर्षांचा झाला.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले, आठवड्याभरात शहरांतल्या शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा आली. दीक्षा ॲप, व्हॉट्सॲपवर रोज येणारी अभ्यासमाला, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’, नोव्हेंबरपासून दर आठवड्याचा ‘स्वाध्याय’, अभ्यासक्रमात 25 टक्के कपात. यातली ‘टिलीमिली’ मला खरोखर चांगली वाटते. घरातल्या वस्तू घेऊन घरातल्या माणसांबरोबर करायच्या गोष्टी तिने सुचवल्या, फळ्यापुढचा मास्तर पडद्यावर आणून बसवला नाही. तरी एकूण मांडणी शिकागोचीच होती. ‘असर’च्या सप्टेंबर 2020 च्या फोन-सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण शाळकरी मुलांपैकी 61.8 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन निघाला. ऐकायला मोठा आकडा. पण सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले जेमतेम एक-तृतीयांश होती. म्हणजे अडचण फोनच्या संख्येपुरती नव्हती. फोन घरात असला तरी तो बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जात होता, रिचार्ज संपत होता, आणि पलीकडून पाठवणारा शिक्षक त्या वेळी बहुधा रेशन दुकानावर नाही तर जिल्हा हद्दीच्या नाक्यावर ड्युटीला होता.

इथून पुढचा भाग कोणत्याही शैक्षणिक अहवालात एका जागी सापडत नाही. मे 2020 मध्ये मुंबई-पुण्याहून चाकरमानी कोकणात आणि मराठवाड्यात परतले, तेव्हा खेडोपाडी त्यांना आधी ठेवले ते जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर्गखोल्या विलगीकरण कक्ष झाल्या. ज्या बाकांवर नातवंडे बसत तिथे आजोबांच्या वयाची माणसे चौदा दिवस झोपली. शालेय पोषण आहार शिजवणे थांबले, पण तांदूळ आणि डाळी-कडधान्ये शाळेतूनच वाटली गेली. पालक पिशवी घेऊन येत, मुख्याध्यापक वजन करून सही घेत, आणि त्याच ओळीत कोणाच्या घरी काय झाले ते कळे. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत शिक्षक ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. हे काम त्यांचे नव्हे अशी तक्रार रास्तच होती. पण त्या फेरीत पट कागदावरून घरापर्यंत गेला, हेही खरे. मग कोणी देवळाच्या ओसरीवर, कोणी पारावर, कोणी एखाद्याच्या पडवीत पाच-सहा मुले अंतर ठेवून बसवू लागला. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत एका शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, पाढे, व्याकरण, सूत्रे, जाता-येता वाचता यावीत अशी. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून गोष्टी आणि गाणी ऐकवत ‘बोलकी शाळा’ भरली. तिला नेटवर्क लागत नव्हते. थोरल्या बहिणी धाकट्यांना बसवू लागल्या. त्यांच्या हातात शिक्षकांनी नुसता अभ्यास दिला नाही, हजेरीही दिली, हे बारीक वाटेल, पण माझ्या मते महत्त्वाचे आहे. कोण आले नाही याची चौकशी करणारे कोणी असले की शाळा आहे असे म्हणता येते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. असली उदाहरणे वर्तमानपत्रांनी उचलली म्हणून ती दिसतात. ती बेटे होती. डिसेंबर 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि सगळा महाराष्ट्र टाळ्या वाजवू लागला, पण एका गुणी शिक्षकाने राज्याच्या शाळा सावरत नाहीत. आणि निकाल समोर आहे: ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले देशाच्या ग्रामीण भागात 2018 च्या 27.3 टक्क्यांवरून 20.5 वर आली होती. पाचवीत 50.5 वरून 42.8. मग ओट्यावरच्या शाळांनी काय साधले? मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. वीरकथा सांगून व्यवस्थेचे अपयश झाकले गेले, आणि शिक्षकांच्या पदरच्या पैशांवर चाललेल्या उपक्रमाला ‘नवोपक्रम’ म्हणून प्रमाणपत्र देणे स्वस्त पडले. पण ही उदाहरणे मी शिक्षकांच्या गुणांचा पुरावा म्हणून मांडत नाही. ती परिस्थितीचा पुरावा आहेत. शाळा वस्तीत चालत जाण्याइतकी जवळ, शिक्षकाला घरे ठाऊक, बसायला कोणाची तरी ओसरी आणि ती द्यायला कोणी तरी राजी, एवढे जिथे होते तिथे काही उभे राहिले. जिथे नव्हते तिथे उत्तम फोन असूनही नाही. वाचनाची घसरण हे ओटे कमी पडले याचे लक्षण आहे, ते निरुपयोगी होते याचे नव्हे. त्याच पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण 65.6 वरून 72.9 टक्क्यांवर गेले, त्याचे श्रेय मात्र मी कोणाला देणार नाही. फी परवडेना आणि लहान खासगी शाळा बुडाल्या, ही कारणे पुरेशी आहेत.

शहराची बाजू उलट दिशेने बोलते. तिथे ऑनलाइन तास नियमित झाले, चित्रकला स्पर्धा झाल्या, आईच्या ओढणीची पगडी करून ऐतिहासिक वेषभूषा झाल्या, स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ जोडून पाठवले गेले, 15 ऑगस्टला मुलांविना ध्वजवंदन झाले. हे हसण्यावारी नेऊ नये. शाळेच्या वर्षाला ज्या गाठी असतात त्या सुटू नयेत म्हणून शिक्षिकांनी केलेली ती धडपड होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत गृहपाठाच्या खाली श्रद्धांजली येऊ लागल्या, कोणाचे वडील, कोणाचे आजोबा, कधी स्वतः बाईच. एरवी सूचना देण्यापुरता असलेला तो गट तेवढ्या काळात वर्गाचे बातमीपत्र झाला होता. पण जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले पुण्या-मुंबईतले मूल वर्गात पहिल्यांदा बसले ते डिसेंबर 2021 मध्ये, दुसरीत. ओळीत उभे राहणे, डबा वाटून खाणे, भांडून पुन्हा बोलणे, यासाठी दीड वर्षात कोणताही दुवा पाठवता आला नाही.

संसर्गाच्या धोक्याचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. दुसऱ्या लाटेत पारावर मुले बसवणे चूक ठरले असते. पण शाळा कधी उघडायची हे ठरवले कोणी, याकडे पाहावे. जुलै 2021 मध्ये राज्याने कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली. निर्णय सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सोपवला, त्यात तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, पालकांशी बोलायचे. शहरांत तो अधिकार आयुक्तांकडे राहिला आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग 15 डिसेंबर 2021 पर्यंत उघडले नाहीत. 2020-21 च्या शाळांचा इतिहास लिहिणाऱ्याने गुणपत्रिका बाजूला ठेवून आधी ते ग्रामपंचायतींचे ठराव वाचावेत, मग धान्यवाटपाची सह्यांची वही, मग विलगीकरणातल्या माणसांची यादी. व्हॉट्सॲपचे गट मात्र तोवर फोन बदलताना पुसले गेलेले असतील. जिल्हा परिषदांनी निदान प्रत्येक केंद्रातल्या एका शाळेचा गट उतरवून ठेवला असता तर बरे झाले असते, पण तशी सूचना कोणत्याही परिपत्रकात माझ्या पाहण्यात आलेली नाही.