११ जानेवारी २०२० : करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जगासाठी खुला

वुहानमधील अनोळखी न्यूमोनियामागच्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम या दिवशी जगाला मिळाला. शांघायचे संशोधक झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेत रुग्णाचा नमुना ३ जानेवारीला पोचला आणि दोनच दिवसांत सुमारे तीस हजार अक्षरांचा क्रम तयार झाला. परवानगीशिवाय अशी माहिती प्रसिद्ध करण्यास चीनमध्ये मनाई होती. तरीही सिडनीतील सहकारी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत झांग यांनी तो खुला केला. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद करण्यात आली. हे धाडस विसरण्याजोगे नाही.

खुल्या क्रमामुळे विषाणू हाती नसतानाही काम सुरू झाले. बर्लिनमध्ये आरटी-पीसीआर चाचणी बेतली गेली. अमेरिकेत मॉडर्नाच्या लशीचा आराखडा १३ जानेवारीला निश्चित झाला आणि १६ मार्चला ती पहिल्या स्वयंसेवकाला टोचली गेली. भारतातील पहिल्या रुग्णाचे, केरळमधील विद्यार्थिनीचे, निदान ३० जानेवारीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत झाले.

हा क्रम ‘जेनबँक’मध्येही नोंदला गेला. अमेरिकेची जेनबँक, युरोपचे न्यूक्लिओटाइड संग्रहालय आणि जपानची डीडीबीजे या जनुकीय क्रमांच्या तीन पेढ्या १९८० च्या दशकापासून एकत्र काम करतात. एकीकडे जमा झालेला क्रम रोजच्या देवाणघेवाणीतून तिन्हीकडे पोचतो. तो पाहायला ना शुल्क लागते, ना परवानगी. गडचिरोलीतला विद्यार्थीही तो आज उघडून वाचू शकतो.