जाळरेषेची कुळकथा

उन्हाळा तोंडावर आला की वनखात्याचे मजूर जाळरेषा घेऊ लागतात. जंगलाच्या कडेने वाळल्या गवताच्या दोन ओळी कापायच्या, कापलेले गवत मधल्या पट्ट्यात ओढायचे आणि वारा पडलेला असताना तो पट्टा पेटवून, हिरव्या डहाळ्यांनी कडा झोडपत पुढे सरकायचे. पुढे वणवा आलाच, तर या उघड्या जमिनीवर त्याला खायला काही उरत नाही. ही रीत सरकारी दप्तरात आली ती मात्र आगीच्या शत्रूंच्या हातून. १८६०च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात पिअर्सन या अधिकाऱ्याने सागवान वणव्यापासून राखून दाखवले आणि जंगलातली आग हा निव्वळ गुन्हा ठरला. पण राखायचे म्हटले तरी कडेचे गवत आधी आपणच जाळावे लागे. बंदीच्या पोटातच अपवाद वाढत होता.

तो उघडा पडला ब्रह्मदेशात. तिथल्या ओलसर सागवनात आग थांबवली, तर बांबू आणि सावलीत तगणारी झुडपे माजली आणि सागाची रोपे खालीच घुसमटली. सागाचे रोप जळाले तरी मुळातून पुन्हा फुटते. त्याला मारते ती सावली. स्लेड या वनाधिकाऱ्याने १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये, ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा अतीच होते आहे, असे छापून सांगितले. पुढच्या काही वर्षांत खात्याला माघार घ्यावी लागली. नियंत्रित आग ही आधुनिक शास्त्राची देणगी मानली जाते. माझ्या मते ती फसलेल्या बंदीने दिलेली कबुली आहे.

मग नव्या गवतासाठी डोंगर पेटवणाऱ्या गावकऱ्याचेच बरोबर, असे कुणी म्हणेल. अर्धेच बरोबर. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरची झळ सरकून गेली की तो फुटतो. हे निरीक्षण खरे आहे. पण गवत थोडे ओलसर असताना, वाऱ्याच्या उलट दिशेने सरकणारी बुटकी आग वेगळी आणि भर उन्हाळ्यात चढावर धावणारी वेगळी. ही दुसरी आग रोपे, घरटी, सरपटणारे जीव, सगळेच नेते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लावलेली आग हाताबाहेर जाते. मे २००० मध्ये अमेरिकेत बँडेलियर इथे उद्यान खात्यानेच लावलेली आग लॉस अलामोस गावात शिरली आणि दोनशेहून जास्त घरे गेली. ती लावली होती कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत. दोष मुहूर्ताचा होता. शिवाय न जाळण्यालाही जोखीम असते; साठलेले वाळके गवत कुणाच्या तरी विडीची वाट पाहतच असते. मुहूर्त साधला तरी किती जाळायचे हा प्रश्न उरतोच. आसामात मानसच्या उंच गवतात पिग्मी हॉग हे इवलेसे रानडुक्कर राहते. कुरण एका दमात जाळले तर त्याला लपायला जागा उरत नाही, म्हणून तिथे काही तुकडे दरवर्षी न जाळता सोडायलाच हवेत.